मातीखालचा हिवाळा

ऑर्किड म्हटले की झाडाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी डोळ्यांपुढे येते. मराठीत ज्यांना आमरी म्हणतात, त्या या कुळातील कितीतरी वनस्पती जमिनीत वाढतात, हे मला साताऱ्यास बदली झाल्यावर समजले. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, १२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारसा यादीत आले. लोक तेथे जातात ते बहुधा सप्टेंबरात, तेरड्याचे गुलाबी गालिचे पाहण्यास. हबेनारिया जातीच्या काही आमरी त्याआधीच, आषाढात फुलू लागतात. एकीचे एकच वाटोळे पान जमिनीला चिकटलेले असते आणि त्यातून निघालेल्या दांड्यावर मोजकी पांढरी फुले येतात. दुसरीची फुले एकाच अंगाला दाटीने लागतात, अगदी दात घासण्याच्या ब्रशासारखी.

माझ्याकडील आमरी पठारावरच्या नाहीत. तेथून काडीदेखील आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिराळा तालुक्यात एका नातेवाइकांच्या माळावर घराचा पाया खणला जायचा होता. त्या जागेतले अकरा कंद, पाने पिवळी पडल्यावर, त्यांच्या परवानगीने ढेकळांसकट सांगलीस आणले. ढेकूळ महत्त्वाचे, कारण या कुळाचे आणि मातीतल्या बुरशीचे नाते जन्मापासूनचे असते. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नाचा साठाच नसतो. विशिष्ट बुरशीने पोसले तरच ते रुजते. त्या माळावर आज घर उभे आहे. तेथील आमरी उरल्या त्या आमच्या कुंड्यांत, म्हणून जबाबदारी जरा जड वाटते.

पावसाळ्याचे चार महिने त्यांचे फारसे मागणे नसते. जांभ्याचा चुरा, भरड वाळू, थोडी माती आणि पाणी न साठणारी मातीची कुंडी एवढे पुरते. पान हिरवे असतानाच जुन्या कंदाशेजारी नवा कंद भरत असतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जुनी ठेव मोडण्यापूर्वी नवी पावती तयार असते. खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. पान वाळून जाते आणि कुंडीत दिसते ती केवळ माती. अशा वेळी पाणी पूर्ण बंद करावे लागते. पान नसलेल्या कंदाला ते पाणी वापरता येत नाही. ते भोवती मुरून राहते आणि कंद कुजतो. थंडीचे भय त्या मानाने कमी. हिमालयातली सालम पंजा ही जमिनीतलीच आमरी सारा हिवाळा बर्फाखाली काढते. आपल्याकडे धास्ती असते ती अवकाळी पावसाची. नोव्हेंबरात ढग दिसले की कुंड्या पडवीत घ्यायच्या, एवढेच काम.

हे आमच्या सौभाग्यवतींना पटत नाही. “इतकी कोरडी माती पाहवत नाही हो, ओंजळभर तरी घालू द्या,” असे त्या दर हिवाळ्यात म्हणतात. तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या हाताला हे जड जाणारच.

मागील हिवाळ्यात माझी थोरली बहीण, आमची आक्का, महिनाभर आमच्याकडे होती. वय अठ्ठ्याहत्तर; कांदा, लसूण, बटाटा तिने जन्मात चाखलेला नाही. अशक्तपणासाठी कोणी तिला थंडीतले एक पौष्टिक चूर्ण दिले होते. डब्यावरची नावे मी मोठ्याने वाचत होतो. “सालम म्हणजे काय रे?” तिने मध्येच विचारले. मी तिला कुंड्यांपाशी नेले. बाजारात सालम मिश्री, सालम पंजा म्हणून विकले जातात ते अशाच जमिनीतल्या आमरींचे कंद. पंजाचा कंद बोटे फुटल्यासारखा असतो, म्हणून ते नाव. कंद काढला की रोप संपते. सालम पंजा या खणण्यापायीच दुर्मीळ झाली असून आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आहे. आक्काने सारे ऐकून घेतले, डबा बंद केला आणि सुनेला फोन करून दुसरे औषध विचारायला सांगितले. औषधाला मोकळीक असते, असे मी सुचवून पाहिले. त्यावर ती काही बोलली नाही.

पुढे वळवाच्या सरी झाल्या आणि जूनच्या मध्यास पहिला कोंब वर आला. पाणी सुरू करायचे ते त्यानंतरच. अकरांपैकी नऊ उगवल्या. जमिनीतल्या आमरी कधी कधी एखादे वर्ष मातीखालीच काढतात. म्हणून उरलेल्या दोन कुंड्या मी उकरून पाहिलेल्या नाहीत. आक्का फोनवर आधी त्यांचीच चौकशी करते.