हॉर्न बदलला, पण दोष बोल्टात होता

आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण शेवटी फिरून मोरचुदावर येणार आहे, म्हणून सुपारीवाल्यांनी तरी पूर्ण वाचा.

आमच्याकडे एक जुनी डिझेल पिकअप आहे. सुपारी, काजू, शेणखत, फवारणीचे ड्रम, सगळं तिच्यातूनच जातं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसा तिचा हॉर्न रुसला. म्हणजे सकाळी खळ्यात उभी असताना दाबला की खणखणीत वाजायचा. रात्री हेडलाईट लावून आरोंद्याहून येताना दाबला की नुसतं घुर्र, घसा बसल्यासारखं. मी म्हटलं हॉर्न जुना झाला. बाजारात गेलो, नवीन जोडी आणली, बसवली. दुपारी दाबून बघितला, मस्त वाजला. विषय संपला असं समजलो.

आठ दिवसांनी भर दुपारी धो धो पाऊस. समोरचं दिसेना म्हणून हेडलाईट लावलेली, वायपर चालू. कुळागराकडून येणारी आमची पाणंद तुम्हाला माहीत असेल तशीच आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मध्ये जेमतेम एक गाडी. वळणावर मी सवयीने हॉर्न दाबला. काहीच नाही. घुर्रसुद्धा नाही. आणि वळणातून शेजारचा मुलगा सायकलवरून समोर. डोक्यावर इरलं घ्यावं तसं दप्तर धरलेलं. मी ब्रेक मारला, त्याने सायकल गडग्यावर घातली. गाडी आणि सायकल यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल.

कोपर सोलपटलं, गुडघ्याला लागलं, बाकी देवाची कृपा. त्याला उचलून घरी नेला. त्याची आई ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "भाऊ, हॉर्न तरी मारूचो." आणि तो पोर माझी बाजू घेऊन म्हणतो, "मारलो आसतलो गे, माकाच ऐकाक येवक नाय."

मला ते वाक्य फार लागलं. कारण हॉर्न रात्री नीट वाजत नाही हे मला महिनाभर माहीत होतं. मी दुरुस्त केला नव्हता, फक्त बदलला होता. ह्या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो कळायला पोराचं कोपर फुटावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मेस्त्रींना बोलावलं. आयुष्यभर ट्रक-टेम्पोची वायरिंग केलेला माणूस. मी माझा मल्टीमीटर घेऊन तयारच होतो. हॉर्नची वायर काढली, मीटरचं एक टोक वायरला, एक चेसिसला, मागून मुलाला बटण दाबायला सांगितलं. 12 व्होल्टच्या वर. मी म्हटलं, "बघा, करंट पूर्ण येतोय." मेस्त्री हसले. म्हणाले, "मीटर खोटा बोलता, बल्ब बोलणा नाय."

त्यांच्या पिशवीत एक होल्डर होता. त्यात इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब, दोन लांब वायरी आणि टोकाला चिमटे. बस. हा बल्ब त्यांनी हॉर्नच्या वायरला आणि हॉर्नच्या पट्टीला लावला. हेडलाईट बंद असताना बल्ब पेटला. हेडलाईट लावली, बल्ब मिणमिणता झाला. मग त्यांनी फक्त एक गोष्ट बदलली. बल्बचं दुसरं टोक हॉर्नच्या पट्टीवरून काढून लांब वायरने थेट बॅटरीच्या वजा टोकाला लावलं. बल्ब लख्ख.

म्हणजे हॉर्नपर्यंत करंट जाणारी वाट ठीक होती. परत यायची वाट अडलेली होती. मेस्त्री म्हणाले, "हॉर्न बदलून काय करतलंस? आधी अर्थ बघ."

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ट्रॅक्टर, पॉवर टिलर, जुनी जीप, टेम्पो सगळ्यांना लागू आहे. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी नसतात. अधिक टोकाची वायर फ्यूजमधून, स्विचमधून दिव्यापर्यंत येते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा आणि चेसिस. चेसिसवरून एका जाड पट्टीने करंट इंजिनकडे किंवा बॅटरीच्या वजा टोकाकडे जातो. ती पट्टी जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंज चढला की वाट अरुंद होते. कालव्याच्या तोंडाशी गाळ साचल्यासारखं. थोडं पाणी जाईल, पण सगळी शेतं एकदम भिजवायला गेलात तर कुणालाच पुरणार नाही.

मीटर का फसवतो तेही ह्यातच आहे. मीटर नगण्य करंट ओढतो. गंजलेल्या बोल्टातून तेवढा सहज जातो, आणि मीटर 12 दाखवतो. साधा हॉर्न 4-5 अँपिअर ओढतो, जोडी असेल तर दुप्पट. 60 वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे आणखी 10 अँपिअर. एवढे सगळे एका अरुंद वाटेने परतायला लागले की व्होल्टेज तिथेच खर्ची पडतं. म्हणून दिवसा हॉर्न वाजतो आणि रात्री घसा बसतो. दोष हॉर्नचा नसतोच.

मीटरनेही तपासता येतं, पण मग तो लोडवर लावायचा. हॉर्न जोडलेलाच ठेवा, हेडलाईट लावा, हॉर्न दाबायला सांगा, आणि मीटरचं एक टोक हॉर्नच्या पट्टीवर, दुसरं बॅटरीच्या वजा टोकावर. अर्थ चांगला असेल तर अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा येतो. माझ्या गाडीला 5 च्या वर आला. म्हणजे हॉर्नला 7 व्होल्टदेखील मिळत नव्हते.

माझा एक प्रश्न होता. अर्थ एवढा खराब तर स्टार्टर कसा खटकन उचलतो? स्टार्टर चांगला म्हणून मी अर्थवर संशयच घेतला नव्हता. मेस्त्रींनी दाखवलं. ह्या गाडीत बॅटरीची जाड वजा केबल थेट गिअरबॉक्सला जाते, म्हणून स्टार्टरला काही अडचण नाही. गिअरबॉक्स आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे चेसिसशी त्याचा संबंध एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडलेला. दिवे, हॉर्न, वायपर ह्यांचा सगळा करंट त्या एका पट्टीने येतो. पट्टी गेली की तो मिळेल त्या वाटेने परततो. त्यांनी हेडलाईट आणि हॉर्न लावून ऍक्सिलेटरच्या केबलला माझा हात लावायला सांगितला. केबल कोमट लागत होती! करंट त्या केबलमधून परतत होता. असं फार दिवस चाललं तर केबलचं कव्हर वितळतं आणि ऍक्सिलेटर अडकतो. हॉर्न न वाजण्यापेक्षा ते भयंकर.

आता गाडीखाली शिरलो. पट्टीचा चेसिसवरचा बोल्ट केबिनच्या मागे, हौद्याच्या पुढच्या कडेखाली. चिखल खरवडला, ब्रशने घासलं, आणि बोल्टाच्या डोक्यावर मला ओळखीचा रंग दिसला. तांबूस.

सुपारीवाल्यांच्या लक्षात आलंच असेल. बोर्डो मिश्रण केलं की आपण काय करतो? 1 टक्क्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. मिश्रण झालं की कोयत्याचं घासलेलं टोक त्यात क्षणभर बुडवतो. टोक तांबूस झालं तर मोरचूद मोकळं आहे, चुना कमी पडला, अजून निवळी घाला. कोळेरोगाच्या फवारणीआधी वर्षानुवर्षं ही परीक्षा मी करतोय. तीच परीक्षा माझ्या गाडीखाली कुणी न करता झाली होती.

झालं असं होतं की मी मोरचुदाचं घट्ट द्रावण घरी करून कॅनमधून कुळागरात नेतो, चुना तिथे मिसळतो. कॅनचं झाकण नीट बसत नाही. हिंदकळून सांडलेलं निळं पाणी हौद्यात पुढे साचतं आणि कोपऱ्यातल्या भोकातून खाली गळतं, बरोबर त्या बोल्टावर. मोरचुदाचं पाणी लोखंडाला लागलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. म्हणूनच तर मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये असं सांगतात. वर तांब्याचा पातळ थर, खाली पोखरलेलं लोखंड, आणि दोहोंमध्ये खारट ओल. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच की! ती रात्रंदिवस लोखंड खात राहते. पाना लावला तर बोल्ट फिरलाच नाही, तुटून हातात आला.

खारट ओल आपल्याला नवी नाही. हे शिरोडं. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला, कारण इथे मिठागरं आहेत. वेळागरच्या किनाऱ्यावरून येणारा वारा तेच मीठ पत्र्यावर आणतो. कृषी खात्यातले मित्र खार जमिनीची विद्युत वाहकता मोजतात, 4 च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त म्हणतात. मोजायचं तत्त्व एवढंच की पाण्यात मीठ जास्त तर वीज जास्त वाहते. जोडाजोडीवर बसलेल्या ओलीतही तेच होतं आणि गंज दुप्पट वेगाने चढतो. त्यात मासळीची खोकी वाहिली तर बघायलाच नको.

दुरुस्ती अशी केली. आधी बॅटरीचं वजा टोक काढलं, हे कायम आधी. तुटलेला बोल्ट सोडून शेजारी स्वच्छ जागी नवीन भोक पाडलं. चेसिसचा रंग रुपयाएवढ्या जागेत घासून पांढरं लोखंड काढलं. पट्टी आतून हिरवी पडली होती म्हणून नवीन घातली. दातेरी वॉशर, बोल्ट, नट, घट्ट आवळणी, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी आत नको, धातूला धातू भिडला पाहिजे. शिवाय एक 4 चौरस मिलिमीटरची वायर गिअरबॉक्सपासून थेट हॉर्नच्या पट्टीपर्यंत वेगळी ओढली. पुन्हा मोजलं, लोडवर 0.2 व्होल्ट. जुना हॉर्न, जो मी अडगळीत टाकला होता, तो लावून बघितला. नव्यापेक्षा मोठ्याने वाजला.

तुमच्या जुन्या गाडीचा हॉर्न रुसला तर पैसे घालवण्याआधी ह्या क्रमाने बघा.

पहिलं, हॉर्नला बॅटरीवरून दोन वायरी थेट लावून बघा. वाजला तर हॉर्न चांगला. चिरका वाजला तर मागचा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून बघा, आत ठिणगीचे पॉइंट असतात, त्यांचं अंतर त्याने बदलतं.

दुसरं, वर सांगितलेला बल्ब. आधी हॉर्नच्या पट्टीवर, मग थेट बॅटरीच्या वजा टोकावर. फरक पडला तर अर्थ. दोन्हीकडे मंद तर येणारी वाट बघा, म्हणजे फ्यूजची पकड, रिले, वायरीचे जोड.

तिसरं, बटण दाबल्यावर रिले टक् करतो का ऐका. टक् होत नसेल तर दोष बहुतेक स्टिअरिंगमध्ये. पुष्कळ गाड्यांत बटण फक्त रिलेची वायर अर्थला टेकवतं, स्टिअरिंगखालच्या कडीवर टेकणाऱ्या कार्बनमधून. तो झिजतो. आणि उलट, हॉर्न आपोआप वाजत सुटला तर तीच वायर कुठेतरी सोलून पत्र्याला लागलीय.

चौथं, फ्यूज उडत असेल तर त्याजागी तार किंवा चांदी लावू नका. फ्यूज वाचला तर वायरिंग जळतं.

आणि गाडी किनाऱ्यावर गेली किंवा फवारणीला गेली की खालून गोड्या पाण्याने धुवा. मी आता मोरचुदाचा कॅन घमेल्यात ठेवूनच हौद्यात चढवतो. ते घमेलंसुद्धा प्लास्टिकचं.

त्या मुलाचं कोपर भरून आलंय. परवा मी वळणावर हॉर्न मारला तर तो गडग्यावर बसून हसत हात दाखवत होता, "काका, ऐकाक इलो!"

मी तरीही त्या वळणावर आता गाडी पहिल्या गिअरला घेतो. हॉर्न वाजला तरी पावसात प्रत्येकाला ऐकू जाईलच असं नाही.

फवारणीचा पुढचा हात आता द्यायचा आहे, पहिल्याला चाळीस दिवस होत आले. कॅनचं झाकण तपासा, आणि गाडीखाली एकदा वाकून बघा.