हरसूलच्या ओहोळापासून समुद्रापर्यंत

नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकलं, की वळणावळणाचा रस्ता हरसूलला जातो. चहूकडे डोंगर, नागलीची शेतं, सागाचं रान. इथे महादेव कोळी, वारली, कोकणा लोक राहतात. नावात 'कोळी' आहे म्हणून घरोघरी जाळी शोधू नका हं! हे डोंगरातले शेतकरी. समुद्र लांब राहिला. पण इथलं पावसाचं पाणी ओहोळांतून दमणगंगेच्या खोऱ्यात उतरतं आणि दमणजवळ समुद्राला मिळतं.

सरकारी नकाशात रान म्हणजे नुसता हिरवा रंग. उन्हाळ्यातही न आटणारा झरा कुठे, खेकडे कुठल्या ओहोळात, हे त्यात सापडायचं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो, अगदी ओढ्यातल्या माशांवरचासुद्धा. त्यासाठी ओळखीच्या खुणांचा नकाशा लागतो. तो काढायची एक छान रीत आहे. गावानं अंगणात बसायचं. राखेची रेघ म्हणजे ओढा, खडे म्हणजे डोंगर, पानं म्हणजे झाडं. आजोबा ओढा इकडून नेतात, आजी तो पुसून तिकडून नेते. वाद मिटला की मग कागद!

आता पाण्याबरोबर खाली समुद्रावर या. तिथे राख कुठे टाकणार? पण किनाऱ्यावरचे कोळी खुणा जुळवतात. देऊळ आणि मागचा सुळका एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूच्या दोन खुणाही जुळल्या, की खडकाची जागा पक्की! डोल जाळी बांधायचे खुंट कुणाचे कुठे, हेही ठरलेलं. परक्याला मात्र नुसतं पाणी दिसतं, आणि मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर भराव घालायला लोक टपलेलेच असतात. म्हणून २०११ च्या किनारपट्टी नियमांनी सांगितलं, की कोळीवाडे, मासे वाळवायचे ओटे, मासेमारीच्या आणि माशांच्या विणीच्या जागा नकाशात दाखवा. त्या कोळ्यांना विचारल्याशिवाय कळणार कशा?

पण तुम्ही म्हणाल, विणीची जागा छापली तर मोठे ट्रॉलर तिथेच येतील की! शंका अगदी रास्त आहे. म्हणून कागदावर काय घ्यायचं, काय गावातच ठेवायचं आणि नकाशा कुणाच्या ताब्यात राहील, हे गावानं आधी ठरवायला हवं. रेघ ओढायची ती त्यानंतर.