शंकेची वाट

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामायेचे देऊळ आहे आणि वैष्णवांचा जैतूसाव मठही आहे. छत्तीसगडात मराठी भाषा रुजली ती नागपूरकर भोसल्यांच्या अमलात. येथून पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव; एकोणिसाव्या शतकात तेथे वैष्णव बैरागी महंतांचे राज्य होते. सन १८९३ च्या सुमारास त्या संस्थानात नोकरीसाठी निघालेल्या नारायण वामन टिळकांना नागपूर सोडल्यावर रेल्वेच्या डब्यात एक मिशनरी भेटला. काव्याच्या गोष्टी झाल्या, आणि निरोप घेताना त्याने ‘नव्या करारा’ची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली.

या भेटीने टिळकांचे मन पालटले, असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः शंका आधीपासूनच त्यांच्या सोबतीला होती. संस्कृताचा व्यासंग होता, कवित्व होते. परंतु जातिभेद आणि शब्दप्रामाण्य यांविषयी मनाचे समाधान होत नव्हते. त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. ज्या प्रश्नांनी त्यांची झोप उडवली होती, त्यांना तेथे उत्तर मिळाल्यासारखे वाटले. तथापि वाचन आणि स्वीकार यांत दीर्घ काळ गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या आश्वासनाची किंमत मात्र लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. पती धर्मांतरित झाला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या पत्नीच्या पायाखालची जमीनच सरकली. पंढरपुरास आप्तांकडे आश्रय, पुढे पुनर्मीलन, तरीही स्वयंपाक आणि पाणी वेगळे. त्यांची शंका ग्रंथातून आलेली नव्हती. ती घागरीतल्या पाण्याची होती. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणत्याही पंडिताला न विचारता स्वतःच सोडवला. उत्तर सापडल्यावर कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या तयार झाल्या. सन १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हा सारा झगडा त्यांनी ज्या निर्मळ विनोदाने सांगितला आहे, त्यात कोठेही उपदेशाचा आव नाही.

म्हणून शंकेला श्रद्धेची वैरीण मानणे या दोघांच्या बाबतीत तरी चुकीचे ठरते. ख्रिस्ती झाल्यावरही टिळकांची शंका शमली नाही. तिने केवळ दिशा बदलली. येशूविषयी ती उरली नव्हती, परंतु त्याच्या नावाने चालणाऱ्या परदेशी वळणाच्या संस्थेविषयी ती वाढतच गेली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानणाऱ्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. तेथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांनी एकेकाळी पतीच्या पाण्यालाही हात लावला नव्हता, त्यांनी.