चाक आपल्याकडे

आमचं शिलाई मशीन नवख्या माणसाचं ऐकत नाही. पाय पायडलवर पडला की चाक हमखास उलटं फिरतं, खाली दोऱ्याचा गुंता होतो आणि वरचा दोरा तुटतो. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई आतून ओरडायच्या, "आधी हात, मग पाय! चाक आपल्याकडे!" उजव्या हाताने वरचं चाक स्वतःकडे ओढायचं, त्याला वेग आला की टाच आणि चवडा आळीपाळीने दाबत तो वेग टिकवायचा. कळायला वेळ लागतो. पण पायांना एकदा कळलं की डोक्याने मध्ये पडायचं कारण उरत नाही. मी शिवताना भाजीचा विचार करते, भांडणाचा करते, टाका सरळच जातो.

मशीन सिंगरचं आहे. सासूबाईंच्या आईने गिरगावात असताना ते जुनंच विकत घेतलं होतं. काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी आहे, पण सुईच्या समोरची, जिथे डाव्या हाताने कापड सरकवतात तिथली, पार पुसली गेलीय. तीन बायकांचे तळवे फिरलेत त्या जागेवरून, आणि त्याआधी कुणाचे, कुणास ठाऊक. बुडाशी क्रमांक आहे, वाय अक्षराने सुरू होणारा. म्हणजे ते स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात घडलं. तो अवाढव्य कारखाना 1980 साली बंद पडला. रेल्वे स्टेशनचं नाव मात्र तिथे अजून 'सिंगर'च आहे. ज्या कारखान्यासाठी गाडी थांबायची तो राहिला नाही, आणि त्याने घडवलेलं मशीन इकडे उशांचे अभ्रे शिवतंय.

यंत्रांकडे संशयाने बघणाऱ्या गांधीजींनी या एका यंत्राला सूट दिली होती. बायको शिवताना शिणते हे पाहून सिंगरने ते तिच्या प्रेमापोटी बनवलं, असं त्यांनी 1924 साली एका मुलाखतीत सांगितलं. गोष्ट गोड आहे. पण आयझॅक सिंगर हे एकाच वेळी अनेक संसार मांडून बसलेले गृहस्थ होते, त्यामुळे नेमकी कुठली बायको, असा प्रश्न मला पडतो. शिवाय दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट एलायस हाऊ याने 1846 सालीच घेतलं होतं; सिंगरचं 1851 चं, आणि त्यावरून दोघांची कोर्टबाजीही झाली. सिंगरच्या कंपनीची खरी करामत मला हप्त्यांची वाटते. घरात एकरकमी पैसा नसलेल्या बाईच्या दारापर्यंत यंत्र पोचलं ते हप्त्यांमुळे.

टाका कसा पडतो हे बघायचं असेल तर सुईजवळची पोलादी पट्टी सरकवायची आणि चाक हाताने सावकाश फिरवायचं. सुई दोरा घेऊन खाली जाते. वर यायला लागते तेव्हा दोऱ्याचा बारीकसा फास मागे राहतो. नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक त्या फासात शिरतं, तो पसरवून बॉबीनभोवती फिरवतं आणि सोडून देतं. वरचा दोरा खालच्याला विळखा घालून कापडाच्या मधोमध बसतो. हे सगळं डोळ्यांसमोर घडतं, झाकलेलं असं काही नाही. घरातल्या बाकीच्या यंत्रांबद्दल मला असं म्हणता येत नाही. वॉशिंग मशीन बिघडलं की त्याच्या पडद्यावर एक अक्षर आणि एक आकडा उमटतो आणि मी मुकाट फोन लावते.

आमच्याकडे मशीन दुरुस्तीला येणारे काका बोलायला तुसडे आहेत. "बाई, याला काही होत नाही. याला तेल होत नाही, एवढंच." हा त्यांचा दरवेळचा निकाल. मशीनचं तेल संपलं म्हणून कुणी खोबरेल घातलं असेल तर मात्र त्यांचा पारा चढतो, कारण ते थंडीत गोठतं, मग सांध्यासांध्यात चिकटून बसतं आणि रॉकेलने धुऊन काढावं लागतं. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडला की ते बोटभर कापतात आणि तारेची कडी पुन्हा अडकवतात. सुट्या भागांची अडचण कधी आली नाही. सिंगरच्या या पंधरा क्रमांकाच्या घडणीची नक्कल जपानने केली, आपल्याकडच्या कारखान्यांनीही तीच उचलली. त्यामुळे कोपऱ्यावरच्या बटणं-लेसच्या दुकानातली बॉबीन आमच्या आजीबाईत बिनबोभाट बसते. सुईसुद्धा तीच, जी भाचीच्या नव्या इलेक्ट्रिक मशीनला लागते. जुनी वस्तू टिकते त्यात मालकाच्या मायेइतकाच या नकलांचा वाटा असतो, हे जुन्याचे भक्त सहसा सांगत नाहीत.

हल्ली कॅफेंमध्ये अशा मशीनच्या बिडाच्या पायांवर काच ठेवून टेबलं करतात. पुण्यात एकदा तशा टेबलापाशी बसले तर पाय आपोआप पायडलवर गेला. ते वेल्डिंग करून पक्कं केलेलं होतं. मला राग आला. बरोबरच्या मैत्रिणीला तो अतीच वाटला. केळकर संग्रहालयात मला असं होत नाही. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने दिनकर केळकरांनी जमवलेले ते अडकित्ते, दिवे, दौती निवृत्त झालेत आणि त्यांना मानाने बसवलंय. टेबलाखालचं पायडल निवृत्त नाही. त्याचे पाय बांधलेत.

आमच्या मशीनला वर्षातून एकच सुट्टी, खंडेनवमीची. त्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि सुईला हात लावायचा नाही. सासूबाई होत्या तोवर आदल्या रात्री सगळ्या शेजारणी फॉल लावायला साड्या घेऊन यायच्या, उद्या दुकान बंद म्हणून! पूजेपेक्षा ती रात्रच मला सणाची वाटायची.

आता भाचीला हे मशीन हवंय. तिच्या इलेक्ट्रिक मशीनची सुई जीन्सच्या जाड शिवणीवर अडते. आमचं मशीन सोळा नंबरची सुई लावली की हाताने चाक फिरवत तीच शिवण निमूट पार करतं. परवा तिने बसून पाहिलं. दोरा तुटला. मग तिने विचारलं, "मामी, याला रिव्हर्स कुठंय?"

"नाही. शेवटी कापड फिरवायचं आणि परत यायचं."

"आणि चौथ्या मजल्यावर चढवायचं कसं? लिफ्टमध्ये मावेल?"

माप घ्यायला तिने टेप काढला. स्टँडची रुंदी बसते, उंची बसते, मशीनचं डोकं वेगळं न्यावं लागेल. दोन स्क्रू सैल केले की ते बिजागऱ्यांवरून निघतं. काकांना रविवारी बोलावलंय.