लाल छापेतला दुसरा रंग

पाकीट डावीकडून आत गेलं तेव्हा कोरं होतं. उजवीकडून बाहेर पडलं तेव्हा त्याची किंमत पाच रुपये झाली होती. मधे फक्त सर्रकन आवाज आला. मी ते उचलून पाहिलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. उजव्या कोपऱ्यात लाल रंगात पाचाचा आकडा, तारीख, पोस्टाचं नाव, परवान्याचा क्रमांक. तिकीट नाही, डिंक नाही.

"तात्या, पण पैसे कुठायत?"

तात्यांनी मशीनवर बोट ठेवलं. "आत्तापर्यंत यात होते. आता पाकिटावर आलेत. एक पाकीट वाया गेलं की पाच रुपये गेले, एवढं ध्यानात ठेव."

ही गोष्ट २०१३ च्या सप्टेंबरातली. बी.कॉम. झाल्यावर आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मला नोकरी लागली. शेअर्स विभागात बसवतील अशी आशा होती, मिळालं आवक-जावकचं टेबल. त्या खोलीत एक खिडकी, एक वजनकाटा, जावक रजिस्टरांची चवड आणि फ्रँकिंग मशीन. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर, आणि सभेच्या आधी पुरे चौदा दिवस राहतील अशा बेताने प्रत्येक सभासदाला नोटीस धाडायची. सभासद अकरा हजारांच्या वर. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातच या जिल्ह्यात झाली, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून. त्यामुळे इथे गावोगाव घरटी कोणी ना कोणी कुठल्या तरी कारखान्याचा सभासद असतोच. ज्याचं पाकीट चुकेल तो सभेत उभा राहून विचारतो, आणि त्याने विचारायलाच हवं.

पहिले दोन दिवस माझा हात थरथरत होता. मशीनमध्ये आदल्या आठवड्यात साठ हजार रुपये भरलेले होते. फोनच्या तारेवरून भरतात, हे ऐकून मी आणखीच गोंधळले. नोट नाही, नाणं नाही, पावतीचा एक कागद आणि पडद्यावर एक आकडा. चुकून पाचाऐवजी पन्नास दाबलं तर मशीन विचारणार नाही, मुकाट्याने पन्नासाची छाप मारून मोकळं होईल.

तात्यांनी मला धीर दिला तो हिशेबाने. मशीन दोन आकडे सांभाळतं. एक चढता, आजवर किती रुपयांचं टपाल छापलं त्याचा. दुसरा उतरता, किती रुपये शिल्लक आहेत त्याचा. पाकीट गेलं की एकात पाच वाढतात, दुसऱ्यात पाच घटतात. म्हणजे दोघांची बेरीज हलायलाच नको. नवे पैसे भरले तरच ती वाढते, तीही भरले तेवढीच. रोज संध्याकाळी दोन्ही आकडे वहीत उतरवायचे, बेरीज मारायची, कालच्या बेरजेशी ताडून पाहायची. तिसऱ्या दिवशी ती बेरीज माझ्या हाताने रुपयाला रुपया जुळली आणि मला त्या रात्री झोप लागली. बी.कॉम.च्या तीन वर्षांत ताळा या गोष्टीवर माझा इतका जीव कधी जडला नव्हता.

मग वजन. एरवीचा झेरॉक्सचा ए-फोर कागद, ऐंशी ग्रॅमवाला, एक ताव पाच ग्रॅमचा. नोटीस दोन तावांची, पाकीट साधारण पाच ग्रॅमचं. सगळं मिळून पंधरा. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये. ऐन वेळी साहेबांनी विषयपत्रिकेला आणखी दोन ताव जोडले असते तर टपालखर्च सरळ दुप्पट झाला असता. हे मी हेडक्लार्कांना सांगितलं आणि नोटीस दोन तावांत बसली. नोकरीला लागल्यावर माझ्या शब्दाने झालेली ती पहिली गोष्ट.

तात्या या टेबलावर सत्तावीस वर्षं होते. सुरुवातीला ओला स्पंज आणि तिकिटांचे ताव. मग आलं ते लोखंडी, हाताने फिरवायचं मशीन. त्याचा मीटर पिशवीत घालून एसटीने पोस्टात न्यायचा, पैसे भरायचे, पोस्टाने आकडा लावून सील करायचं, की परत पिशवी मांडीवर घेऊन यायचं. "त्या पिशवीवरची नजर मी मरेस्तोवर काढली नसती," असं ते म्हणाले. न्यूझीलंडच्या अर्नेस्ट मॉसने असलं यंत्र १९०४ च्या सुमाराला चालवून दाखवलं आणि अमेरिकेत पिटनी आणि बोज या जोडीचं १९२० मध्ये टपालखात्याने मान्य केलं, हे मी पुढे वाचलं. तात्यांची पिशवी मात्र मला त्याहून जवळची वाटते.

चूक घडली ती शाईत. नोटिसांच्या चौथ्या दिवशी कार्ट्रिज संपलं. कंपनीचं नवीन मागवायचं तर दिवस जाणार, आणि किंमत ऐकून वर कोणाचीच सही होईना. ठरलं असं, की तेच कार्ट्रिज बाहेरून लाल शाईने भरून आणायचं. मी नवखी. "असं चालतं का?" एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. भरून आणलं, लावलं, पाकिटं सोडली. लाल छाप उमटत होती. तीनशे चाळीस पाकिटं झाली आणि गठ्ठे बांधून पोस्टात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. छापांच्या कडा फुटलेल्या, तारखेतला एक आकडा वाचता येत नव्हता. फ्रँक केलेल्या टपालावर पोस्ट पुन्हा तारखेचा शिक्का मारत नाही. मशीनची तारीख हीच टपालाची तारीख, म्हणून ती स्वच्छ हवी आणि टाकण्याच्या दिवसाचीच हवी. त्यात पावसाळी हवा. एका पाकिटावर माझं ओलं बोट लागलं आणि पाच रुपये पुसट गुलाबी होऊन कागदभर पसरले. तीनशे चाळीस गुणिले पाच, सतराशे रुपये. माझा पहिला पगार अजून व्हायचा होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोन लावून माझ्या हातात दिला. त्याने शाईचं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, तो नुसता लाल नसतो. तुमच्याकडे नोटा तपासायचा दिवा असेल ना? चांगल्या छापेचं एखादं पाकीट त्याच्याखाली धरून बघा."

कॅशमध्ये नाना बसायचे. त्यांच्या टेबलाखाली काळ्या पेटीत तो जांभळट दिवा. मी खिडकी लोटली आणि जुन्या शाईचं एक खाकी पाकीट खाली सरकवलं.

लाल छाप पेटली. दुसरा शब्द मला सुचत नाही. चुलीतला निखारा फुंकल्यावर जसा नारिंगी होतो तसा पाचाचा आकडा, तारीख, पोस्टाचं नाव, सगळं आतून उजळलं. शेजारी आमच्या ऑफिसचा जांभळा गोल शिक्का होता, तो काळा पडला होता. पत्ता काळा. मग मी कालचं, परत आलेलं पाकीट धरलं. तिथे लाल होतं, पण मेलेलं होतं. एकाच रंगाची वाटणारी दोन पाकिटं, आणि दिव्याखाली एक बोलत होतं, एक गप्प.

नानांनाही हे नवीन होतं. आम्ही दोघं मग हाताला लागेल ते दिव्याखाली धरू लागलो. पांढरं पाकीट धरलं तर ते अख्खंच निळसर पांढरं उजळलं, कारण शुभ्र दिसावा म्हणून कागदात चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. खाकी पाकिटात ते नसतं, म्हणून तिथे छाप ठसठशीत दिसते. नानांनी शंभराची नोट ठेवली. नोटेचा कागद कापसाचा, तो उजळत नाही. त्यात विखुरलेले धागे आणि नंबरची पट्टी तेवढी चमकते. "नोटेचा कागदच निळा उजळला तर समजायचं, खोटी," नाना म्हणाले. त्यांना हे वीस वर्षं माहीत होतं, त्याच दिव्याखाली आमचं टपाल कधी आलं नव्हतं एवढंच. शेवटी मी एका चांगल्या छापेची रंगीत झेरॉक्स काढली. उजेडात दोन्ही शेजारी ठेवल्या तर ओळखू येईनात. दिव्याखाली झेरॉक्सचा कागद निळा झाला आणि छाप त्यावर नुसता डाग राहिली. ती झेरॉक्स मी नानांसमोर तिथेच फाडली.

तेव्हा मला त्या महाग कार्ट्रिजचा अर्थ लागला. शाईत असं द्रव्य असतं की ते डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेतं आणि दिसणाऱ्या रंगात परत टाकतं. दिवा बंद की उजेडही बंद. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने त्याचं इंग्रजी नाव १८५२ मध्ये ठेवलं. आणि त्याच १८५२ च्या जुलैत सिंध प्रांतात, जो तेव्हा मुंबई इलाख्यात होता, बार्टल फ्रिअरने अर्ध्या आण्याचं 'सिंध डाक' तिकीट काढलं, आशियातलं पहिलं. त्यातलं एक तिकीट पांढऱ्या कागदावर बिनशाईचं, नुसतं उठावाचं होतं. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात ते नीट दिसेना, म्हणून पुढे निळ्या रंगात काढावं लागलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या टपाल कारकुनाचा विचार करत बसले, जो रात्री पत्रावर बोट फिरवून तिकीट आहे की नाही ते चाचपत असेल.

न दिसणाऱ्या शाईची खरी गरज पडली यंत्रांना. ढिगातल्या पत्राची दर्शनी बाजू कुठली आणि तिकीट कुठल्या कोपऱ्यात, हे माणसाला दिसतं, यंत्राला सांगावं लागतं. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला १९५७ मध्ये तिकिटांच्या पाठीवर ग्राफाइटच्या काळ्या रेघा छापून हा प्रयोग सुरू झाला आणि दोन वर्षांत त्या जागी फॉस्फरचे पट्टे आले. दिवा गेल्यावरही क्षणभर उजळत राहणारे. पहिल्या वर्गाच्या तिकिटाला दोन पट्टे, दुसऱ्या वर्गाच्या तिकिटाला एक, म्हणजे कुठलं पत्र आधी जायचं हे यंत्र त्यावरून ठरवी. अमेरिकेने १९६३ पासून तिकिटांवर असाच लेप द्यायला सुरुवात केली. फ्रँकिंगच्या छापेला तिकीट नसतं, म्हणून तिच्या शाईतच उजेड कालवला.

नवीन कार्ट्रिज आलं. फुकट गेलेल्या छापा असलेली पाकिटं अर्जासोबत पोस्टात द्यायची होती, ती घेऊन मीच गेले. काउंटरवरच्या बाईंना मी विचारलं, "तुमच्याकडे तो दिवा कुठेय?" त्यांना प्रश्न कळला नाही. मी समजावलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावून दाखवलं. लाकडी खण, प्रत्येकावर गावाचं नाव, आणि दोन माणसं पाकिटं नुसत्या नजरेने वाचून खणांत टाकत होती, इतक्या वेगाने की माझी मान वळेना. आमच्या अकरा हजार पाकिटांवरचा तो नारिंगी उजेड बघायला अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या वाटेवर एकही दिवा नव्हता. मला वाईट वाटलं का? नाही. मला ती दोन माणसं बघून धाप लागली होती.

बाईंनी जाताना एक सांगितलं, "पिनकोडाप्रमाणे गठ्ठे बांधून आणा, आमचं निम्मं काम होतं." परत आल्यावर मी यादी काढली. आपला जिल्हा एक, पण पिनकोड चार तऱ्हांचे. नगर, पारनेर, पाथर्डी, शेवगाव, नेवासा ४१४ ने सुरू होतात. राहुरी, श्रीरामपूर, श्रीगोंदा, जामखेड ४१३ ने. संगमनेर आणि अकोले ४२२ ने, नाशिकच्या ओळीत. शिर्डी, कोपरगाव ४२३ ने. तालुक्यांप्रमाणे गठ्ठे बांधायची तात्यांची जुनी पद्धत होती. मी भीत भीत चार रकाने पाडले. तात्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बांध." पिनकोडची ही व्यवस्था श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी बसवली, १५ ऑगस्ट १९७२ ला ती लागू झाली. टपालखात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतात काव्यं लिहायचा. सहा आकड्यांत गाव बसवणारा माणूस कवी होता, याचं मला नवल वाटत नाही.

शेवटचा गठ्ठा गेला त्या संध्याकाळी चढता आणि उतरता आकडा मी वहीत उतरवला. बेरीज जुळली.

सभा होऊन गेली आणि ऑक्टोबरात पाकिटं परत यायला लागली. पहिलं आलं अकोले तालुक्यातून, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून. पाऊस लागून कोपरा फुगलेला. मी ते आधी नानांच्या दिव्याखाली नेलं. छाप तशीच नारिंगी पेटली, एवढ्या पावसातून जाऊन आलेली. शेजारी पोस्टमनने बॉलपेनने काही लिहिलं होतं ते दिव्याखाली वाचता येईना. खिडकी उघडली. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात होतं: "मयत. मुलगा संगमनेरला, बसस्टँडमागे राहतो. त्याला कळवावे."

मी शेअर्स विभागात जाऊन त्यांचं रजिस्टर मागितलं आणि वारसाच्या रकान्यात संगमनेरचा पत्ता लिहायला घेतला. पिनकोड मला तोंडपाठ होता.