दसरा चौकातला प्रश्न

कोल्हापूर म्हटले की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे अंबाबाईचे देऊळ, रंकाळ्याची संध्याकाळ आणि तांबडा-पांढरा रस्सा उभा राहतो. हे सारे पुण्य पदरी पडले की मी पाहुण्यांना दसरा चौकात नेते. तिथे शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आसपास जैन, मुस्लिम, लिंगायत अशी जुनी बोर्डिंगे आहेत. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाने शहरात शिकायचे तर राहावे कुठे, हा प्रश्न सुटला. पुढे १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड!

गेल्या मे महिन्यात माझा पुण्याचा मामेभाऊ सहकुटुंब आला होता. त्याची चौथी पास झालेली मुलगी ही कथा लक्ष देऊन ऐकत होती. तिने विचारले, "आत्या, त्या मुलांना कुणी विचारलं होतं का, कुठली शाळा हवी म्हणून?"

भाऊ हसला, पण मला त्या प्रश्नामागचे दुखणे ठाऊक होते. तिला मराठी शाळेतून काढून दूरच्या इंग्रजी शाळेत घालण्याचा बेत घरात शिजत होता. फीचा हिशेब झाला होता, निकालांची चौकशी झाली होती. मत तेवढे तिचे घ्यायचे राहिले होते.

मी म्हटले, "अगं, खुद्द महाराजांना तरी कुठे विचारलं होतं?" १८८४ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. मग राजकोटचे राजकुमार कॉलेज, पुढे धारवाडला फ्रेझरसाहेबांची देखरेख. सारे वडीलधाऱ्यांनी आणि साहेबांनी ठरवले. गुरांमागे फिरणाऱ्या पोराला तर सक्तीनेच तारले. शिकावे की नाही, हा प्रश्न मुलावर सोपवण्याचा नव्हेच. कसे शिकावे, हा मात्र त्याचाही आहे.

याच जैन बोर्डिंगात कुंभोजचे भाऊराव पाटील राहत होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाहून परतल्यावर स्नान करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांची चरित्रे सांगतात. त्याच विद्यार्थ्याने १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणणारे वसतिगृह काढले. विद्यार्थ्याचे मत कुठवर जाऊ शकते, ते पाहा!

कोल्हापुरात मुलांचे ऐकणारी शाळाही झाली. ना. सी. फडक्यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले. धाक आणि शिक्षा यांना तिथे जागा नव्हती. मुलांचे प्रश्न आणि अनुभव यांतून पाठ उभा राही. दूर इंग्लंडातल्या, नीलसाहेबांनी काढलेल्या समरहिल शाळेत तर सभेत मुलाला आणि शिक्षकाला सारखेच एक मत! मुलांशी संबंधित बाबतीत त्यांचे म्हणणे ऐकावे, हे कलम संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारातही आहे. १९९२ साली भारताने तो मान्य केला. करार दिल्लीने मान्य केला खरा. स्वयंपाकघरापर्यंत तो पोचायचा आहे.

त्या रात्री जेवणानंतर भावाने लेकीला जवळ बसवून विचारले. तिची इंग्रजीला ना नव्हती. बसमध्ये रोज दोन तास जाणार, तबल्याचा क्लास सुटणार आणि गोष्टी लिहिता येतात ती भाषा मागे पडणार, ही तिची धास्ती. यातली एकही गोष्ट थोरांच्या हिशेबात नव्हती. अखेर आहे त्याच शाळेची सेमी-इंग्रजी तुकडी ठरली. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून. निर्णय आईबापांनीच घेतला, पण लेकीचे ऐकून.

आता दिवाळीची सुटी सरली की घरोघरी पुढल्या प्रवेशाच्या गोष्टी निघतील. मुलांवर सारा भार टाकू नये. दहा वर्षांच्या खांद्यांना तो पेलणार नाही. पण जिला त्या वर्गात रोज बसायचे आहे, तिच्याजवळची माहिती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते. फराळाच्या ताटाभोवती सारी जमली असताना एकदा विचारून तर पाहा.