आबांचं देणं

आमच्या बदकांचं खाद्य भर आषाढात कोरडं राहतं ते शेजारच्या आबांमुळे. आणि आबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ते अंडं खात नाहीत, घरात आलेलंही त्यांना चालत नाही. त्यामुळे परतफेडीसाठी माझ्यापाशी असलेलं एकमेव चलन पहिल्याच दिवशी बाद झालं.

तळेगाव पावसाच्या बाबतीत मधलं गाव. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पुण्याला सात-साडेसातशे. आमच्या वाट्याला पाऊस मधला येतो, पण ओल थेट घाटावरून उतरते. तरणा आणि म्हातारा पाऊस एकामागोमाग लागला की मिठाला पाणी सुटतं, काडी ओढली तर नुसती घासते, कपाटातल्या चपलांवर पांढरी लव येते. अशा हवेत मका, कणी, कोंडा आणि सुकटीचा चुरा सांभाळायचा. बदकं पाण्यातली, त्यांना ओलीचं काय, असं बघणाऱ्याला वाटतं. त्यांच्या पिसांना ओल सोसते, पोटाला नाही.

मी चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आधी आलेला माल आधी बाहेर, सुट्या भागांच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी, जमिनीवर काही टेकवायचं नाही, सगळं पॅलेटवर. भंगारवाल्याकडून निळा प्लॅस्टिकचा पिंप आणला तो याच सवयीने. झाकणाला रबराची रिंग, वरून पत्र्याचा पट्टा आवळायचा. मी मोठ्या समाधानाने पोतं उचललं, तेवढ्यात कुंपणापलीकडून आबा म्हणाले, “थांब पोरी. झाकण झ्याक आहे. पण आत काय कोंडतीयेस ते बघितलंस का?”

आले आणि सदऱ्याची बाही वर करून उघडा हात कोपरापर्यंत पोत्यात घातला. तोंडाने काही बोलले नाहीत, नुसते डोळे मिटून उभे. मग म्हणाले, “तू घाल. गार लागलं तर बरं. ऊब लागली तर आत कुणीतरी जेवतंय.” मी हात घातला. वर गार होतं, तळाशी ऊब होती, तापातल्या पोराच्या कपाळासारखी. ओल्या दाण्यात बुरशी आणि किडे जगू लागले की त्यांच्या श्वासाची उष्णता पोत्यात साठते, हे मला नंतर वाचून कळलं. आबांनी ते बोटांनी वाचलं होतं.

त्या दिवशी त्यांनी घरून एक बरणी आणली. जाड काचेची, किंचित हिरवट, आत बुडबुडे अडकलेली. तळेगावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून उभारलेल्या निधीतून, टिळकांच्या पाठबळाने. जपान-अमेरिकेत काचेचं काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय ते चालवायला आले. आबांचे वडील तिथे भट्टीवर होते. ती बरणी त्यांच्या हातची की नुसती कारखान्यातली, यावर आबांच्या घरात अजून एकमत नाही.

आबांनी मीठ आधी तव्यावर भाजून घ्यायला लावलं, कारण पावसाळ्यात मीठच ओलं असतं. कोरड्या बरणीत मूठभर मका, चमचाभर मीठ, दोन-तीन मिनिटं खळखळ हलवायचं. मीठ काचेला चिकटलं. दाण्यात पंधरा टक्क्यांच्या वर पाणी असलं की ते चिकटतं. आणि ठेवणीतला माल बारा-तेराच्या आसपास हवा. ही युक्ती धान्य साठवणीच्या पुस्तिकांतही असते, पण आबा ती राईस मिलमध्ये मापाडी असताना शिकलेले.

“डबा काय करतो?” आबा म्हणाले. “जे घालशील ते सांभाळतो. कोरडं घाल, कोरडं राहील. ओल घाल, ओल राहील.” माझा हवाबंद पिंप त्या मक्याला वाचवणार नव्हता, उलट त्याची ओल आतच कोंडणार होता. मग तो मका त्यांच्या चुलीवरच्या फळीवर पातळ पसरून, धुराच्या उबेत वाळवला. आषाढात ऊन कुठून आणणार? जुन्या मावळी घरांत कारवीची, शेणामातीने लिंपलेली कणगी चुलीच्या अंगाला असायची ती उगाच नाही. पिंपही त्यांनी पत्र्याच्या भिंतीपासून हलवायला लावला. दिवसा तापणारा आणि रात्री गार पडणारा पिंप आतून घामेजतो, झाकणाचे थेंब खाली पडतात आणि वरच्या थराचा गोळा होतो. आता तो पॅलेटवर आहे, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागून घुशीने काय उद्योग चालवलाय ते दिसतं.

शेंगदाणा पेंडीची गोष्ट याच्या पुढची. ओळखीच्या एकाने पावसात भिजून परत वाळलेलं पोतं फुकट देऊ केलं. पेंड दिसायला ठीक होती. आबांनी ढेप फोडून नाकाशी धरली आणि म्हणाले, “पुरून टाक.” शेणखताच्या खड्ड्यातसुद्धा नको, वेगळा खड्डा. मला ते अतीच वाटलं. पण 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की मेल्या, बदकांची पिल्लंही मेली, आणि शोध घेतला तेव्हा कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतली बुरशी. तिच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. बदकाची पिल्लं या विषाला इतकी हळवी की ते तपासण्यासाठी प्रयोगशाळा एका दिवसाची पिल्लंच वापरू लागल्या. वाळवून, भाजून बुरशी मरते, विष जात नाही. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा-पंचमहाल भागात, अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. तो मका पुरून टाकायला त्यांच्याकडे दुसरं धान्य नव्हतं, एवढाच फरक.

आबांचा सगळ्यात उपयोगी नियम अमावास्येचा. खाद्य अमावास्येला आणायचं, पुढच्या अमावास्येपर्यंत संपेल एवढंच. पिंप रिकामा झाला की तळाचं पीठ खरवडून काढायचं, पुसायचा, मगच नवं. जुन्यावर नवं कधी ओतायचं नाही. मला ती नुसती धार्मिक शिस्त वाटायची. पण सोंडकिड्याला आणि भरड्यातल्या लाल किड्याला उबदार, दमट हवेत अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला साधारण महिनाच लागतो. म्हणजे आबा त्यांची पिढी पुरी होण्याआधी त्यांचं घर झाडून काढतात. कारखान्यातला माझा आधी-आला-आधी-गेलाचा तक्ता याहून काही वेगळं सांगत नाही, फक्त तो इंग्रजीत छापलेला आहे.

कोंड्याला तर महिनाही देत नाहीत. भात सडल्यावर कोंड्यातलं तेल लगेच खवट व्हायला लागतं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या इंद्रायणीचा कोंडाही, कितीही वासाचा असो, आठवड्यात संपवायचा. कडुलिंबाचा पाला पिंपात ठेवायचा तो सावलीत कडक वाळवून, कापडात बांधून. ओला पाला टाकणारा किड्यांना पाणीच पाजतो. आणि भिजवलेला भरडा घमेल्यात सकाळपुरताच. बदकं चोच धुवायला पाण्याकडे आणि खायला घमेल्याकडे अशा फेऱ्या घालतात, दुपारपर्यंत घमेल्यात आंबट चिखल होतो. तो उचलून फेकायचा, परत पिंपात जाता कामा नये.

दरवर्षी देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर आबा वारीला निघतात, म्हणजे नेमके ओल सुरू होताना. निघण्याआधी पोत्यात एकदा हात घालून जातात. पंढरपूरला कशासाठी चाललेत आणि लक्ष कशात!

या सगळ्याचं मोल काय द्यायचं? पैसे पुढे केले तर रागावले. धोतरजोडी दिली ती त्यांनी देवळात दिली. शेवटी त्यांनीच तोड काढली: “खत दे.” तेव्हापासून बदकांच्या खुराड्यातलं तुसाचं खत त्यांच्या भाताच्या रोपवाटिकेला जातं, आणि लावणीनंतर बदकं त्यांच्या खाचरात गोगलगायी वेचतात. खत न्यायला त्यांची सूनबाई येते. तिच्या हातात पोतं असतं आणि पदराखाली एक डबा. पोरांच्या शाळेच्या डब्याला अंडी लागतात. माळ आबांच्या गळ्यात आहे, नातवंडांच्या नाही.

आबांना यातलं काही ठाऊक नाही अशी आमची दोघींची समजूत होती. परवा ते कुंपणाशी आले, खाचराची विचारपूस झाली, आणि जाता जाता म्हणाले, “त्या डब्यात काय असतं ते मी विचारत नाही. पण खताचं पोतं तू भुईवर ठेवतीस. फळीवर ठेव, तळ ओला येतोय.”